हँडहेल्ड आत्ता घ्यावा की थांबावं? आधी वॅटचा हिशोब मांडा

हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्राबद्दल, प्रश्न असा आलाय: रोज जाऊन-येऊन अडीच तास प्रवास, घरी गेमिंगचा पीसी नाही, पण जुन्या लॅपटॉपच्या काळात स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतलेले साठ-सत्तर गेम पडून आहेत. निन्टेन्डोचा स्विच २, व्हॉल्व्हचा स्टीम डेक ओएलईडी आणि आसूसचा आरओजी एक्सबॉक्स ॲलाय एक्स या तिघांतून एक निवडायचाय. मात्र पुढची पिढी येऊ घातली आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि येणारे मोठे गेम आजच्या यंत्रांना झेपतील का अशी धास्तीही आहे. तर घ्यावं की थांबावं?

तिघांत सगळ्यात ताकदवान यंत्र ॲलाय एक्स आहे, त्यात वाद नाही. पण प्लग नसलेल्या अडीच तासांत त्या ताकदीतली किती तुमच्या वाट्याला येते, हे आधी पाहायला हवं. काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत: ते पडून असलेले गेम तुम्ही खरंच खेळणार आहात का, सेकंदाला तीसच फ्रेम (म्हणजे तीस चित्रं) दिसल्या तर तुमचं डोकं उठतं का, आणि सेटिंग्जमध्ये हात घालायला तुम्हाला आवडतं की त्याचा वैताग येतो. या तिन्हींची उत्तरं तुमची तुम्हीच द्या. बाकीचं खाली मांडतो.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. तिला यंत्र ओढतं त्या वॅटनी भागलं की तास मिळतात. २०२२ च्या मूळ स्टीम डेकमध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी होती, नोव्हेंबर २०२३ च्या ओएलईडी डेकमध्ये ५० ची आहे. १६ ऑक्टोबर २०२५ ला आलेल्या एक्सबॉक्स ॲलायमध्ये ६० आणि ॲलाय एक्समध्ये ८०. लेनोवोच्या लीजन गो २ मध्ये ७४. स्विच २ ची बॅटरी ५२२० एमएएचची, म्हणजे वॅट-तासांत साधारण २०. हा शेवटचा आकडा पाहून बरेच जण दचकतात, पण निन्टेन्डो स्वतःच २ ते ६.५ तास सांगते. सगळ्यात जड गेमला दोन तास धरले, तर स्क्रीनसकट अख्खं यंत्र १० वॅटमध्ये चालतं असा त्याचा अर्थ. एवढ्या तुटपुंज्या विजेत ते ‘सायबरपंक २०७७’ चालवतं, ते एनव्हिडियाच्या डीएलएसएस अपस्केलिंगच्या (लहान आकारात काढलेलं चित्र हुशारीने मोठं करून दाखवण्याच्या) जोरावर.

इथे एक चूक सर्रास होते. जाहिरातीत किंवा मेनूत दिसणारा १५ वॅट, १७ वॅट, २५ वॅट हा आकडा फक्त चिपचा असतो. स्क्रीन, एसएसडी, वाय-फाय, पंखा आणि व्होल्टेज बदलताना वाया जाणारी वीज, हे सगळं त्याच्यावर. ओएलईडी डेकवर चिपला १५ वॅटची पूर्ण मुभा दिली तर एकूण ओढ २० वॅटच्या पुढे जाते, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास. ॲलाय एक्सवर चिपला १७ वॅट दिले तर एकूण २६-२८, म्हणजे तीन तासांच्या आसपास. २५ दिले तर एकूण चाळिशीला टेकतं आणि बॅटरी दोन तासांत उताणी पडते. म्हणून ॲलाय एक्सचे २५ किंवा ३५ वॅटवर काढलेले फ्रेमचे आकडे तुमच्या प्रवासाला लागू नाहीत. ते आकडे प्लग लावून बसलेल्या माणसाचे आहेत.

आता पुढच्या पिढीकडे याच चष्म्यातून पाहा. बॅटरी फार मोठी होणार नाही. एकतर वजन: ८० वॅट-तासांचा ॲलाय एक्स ७१५ ग्रॅमचा आहे, लीजन गो २ तर ९०० ग्रॅमच्याही वर जातो, आणि अर्ध्या तासात मनगटं त्याची आठवण करून देतात. दुसरं म्हणजे, विमानात खास परवानगीशिवाय नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे आणि बहुतेक कंपन्या ती ओलांडायला धजावणार नाहीत. मग सुधारणा यायची ती चिपमधूनच, आणि तिथे चाल मंद आहे. २०२३ चा रायझन झेड१ एक्स्ट्रीम आणि २०२५ चा झेड२ एक्स्ट्रीम, हँडहेल्डसाठीच्या एएमडीच्या या दोन्ही चिपा ४ नॅनोमीटरच्याच पद्धतीवर बनलेत. ग्राफिक्सची एककं १२ वरून १६ झाली खरी, पण त्यांना पुरेशी वीज आणि मेमरीचा पुरेसा वेग मिळाला तरच ती कामाला लागतात. २५ वॅटच्या पुढे फरक ठळक दिसतो. १५ वॅटवर मात्र तो इतका आटतो की शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळू नये.

व्हॉल्व्ह नवा डेक काढत नाही याचं कारणही हेच. त्यांच्या लोकांनी जाहीरपणे सांगितलंय की तेवढ्याच बॅटरीत २०, ३०, अगदी ५० टक्के जास्त वेग मिळाला तरी त्यासाठी नवं यंत्र काढण्यात त्यांना रस नाही, उडी त्याहून मोठी हवी. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. सोनीच्या बाबतीत आज हातात धरता येण्यासारखी वस्तू म्हणजे प्लेस्टेशन पोर्टल (नोव्हेंबर २०२३), आणि ती गेम स्वतः चालवत नाही, वाय-फायवरून ओढून दाखवते. चालत्या गाडीत तिचा उपयोग नाही. बाकी जे काही कानावर येतं त्याला तारीख, चिप आणि बॅटरीचा आकडा चिकटेपर्यंत त्यावर खरेदी ठरवू नका.

मग थांबणं कधी योग्य? माझा नियम साधा आहे. हवं ते यंत्र नावासकट जाहीर झालंय, तारीख तीन महिन्यांच्या आत आहे, आणि त्यात तुम्हाला नडणारीच एखादी उणीव भरून निघते आहे (उदाहरणार्थ ओएलईडी स्क्रीन किंवा मोठी बॅटरी), तर थांबा. ‘थांबलं की स्वस्त होईल’ या आशेवर मात्र थांबू नका. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि स्टोरेजच्या चिपा महाग झाल्यात, आणि हँडहेल्डच्या खर्चात या दोन्हींचा वाटा मोठा असतो. जुनं यंत्र आपोआप स्वस्त होतं हा नेहमीचा अनुभव सध्या धरून चालत नाही. त्याच काळात व्हॉल्व्हने एलसीडी डेकचं उत्पादनही बंद केलं.

आता येणारे गेम. ‘हा गेम चालेल का’ हे ग्राफिक्स पाहून ठरवता येत नाही. चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर. डेकवर स्टीमओएस म्हणजे लिनक्स आहे आणि विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या दुभाष्या थरातून चालतात. ‘फोर्टनाइट’, ‘व्हॅलोरंट’, ‘बॅटलफील्ड ६’ यांचं अँटी-चीट तिथे चालत नाही, म्हणून गेम चालत नाहीत. ‘एपेक्स लेजंड्स’ आधी चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं गेलं. यात सेटिंग बदलून काही होत नाही. तुमच्या यादीत असा एखादा गेम रोजचा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही: विंडोजचं यंत्र (या तिघांत ॲलाय एक्स) घ्या.

दुसरी, प्रोसेसरचा भार. लोक फक्त ग्राफिक्सचा विचार करतात आणि इथेच फसतात. डेकमध्ये एएमडीच्या झेन २ पिढीच्या प्रोसेसरचे चार कोअर आहेत, कमाल ३.५ गिगाहर्ट्झ. गर्दीची शहरं, शेकडो प्राण्यांची हालचाल, दर फुटाला बदलणारं हवामान हे काम या चार कोअरवर येतं. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ (२८ फेब्रुवारी २०२५) डेकवर अडखळतो त्यात या भाराचा मोठा वाटा आहे. ओळखायची खूण सोपी आहे: रिझोल्यूशन एकदम तळाला नेऊन पाहा. फ्रेम वाढल्या तर अडचण ग्राफिक्सची, ती सोडवता येते. जागच्या जागी राहिल्या तर अडचण प्रोसेसरची, आणि तिथे फारसं काही हाती लागत नाही.

तिसरी, रे ट्रेसिंगची (प्रकाशाच्या किरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं रंगवण्याची) सक्ती. ‘डूम: द डार्क एजेस’ (१५ मे २०२५) आणि ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ यांत ते बंदच करता येत नाही. तिन्ही यंत्रांत त्याचं हार्डवेअर आहे म्हणून गेम सुरू तर होतो, पण डेकवर तो ओढूनताणून चालतो. यापुढच्या मोठ्या गेम्समध्ये ही सक्ती वाढत जाणार हे गृहीत धरा. दोन-तीन वर्षांत डेकच्या हातून नवे मोठे गेम सुटू लागतील ते या वाटेने.

चौथी गोष्ट म्हणजे गेम मुळात कुठल्या यंत्रांसाठी जाहीर झालाय. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ साठी हँडहेल्ड घ्यायला निघालेले बरेच दिसतात. तो १९ नोव्हेंबर २०२६ या तारखेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झालाय. त्या घोषणेत पीसी नाही, स्विच २ नाही. आणि इथे ॲलायवरचं ‘एक्सबॉक्स’ हे नाव गोंधळ घालतं. ते यंत्र म्हणजे विंडोजचा पीसी. फक्त कन्सोलसाठी निघालेला एक्सबॉक्सचा गेम त्यावर उतरवून चालत नाही. ‘प्ले एनीव्हेअर’ची खूण असलेलेच गेम दोन्हीकडे चालतात. बाकीचे नेटवरून ओढून खेळायचे.

या चार चाळण्यांतून पाहिलं की चित्र बरंच निवळतं. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ (४ सप्टेंबर २०२५) किंवा ‘हेडीस २’ सारखे गेम तिन्ही यंत्रांवर लोण्यासारखे चालतात, आणि डेकवर चिपला जेमतेम सहा-सात वॅट दिले तरी भागतं. ‘क्लेअर ऑबस्क्योर: एक्स्पिडिशन ३३’ सारखा अनरियल इंजिन ५ वरचा (गेम बनवायच्या या सॉफ्टवेअरवर उभारलेला) गेम मधल्या पायरीवर येतो: डेकवर तळाच्या सेटिंग्ज, अपस्केलिंग आणि तीसच्या आसपास फ्रेम. स्टीमवर त्याला ‘व्हेरिफाइड’ची हिरवी खूण आहे, आणि त्या खुणेचा अर्थ नीट समजून घ्या. बटणं जुळतात, अक्षरं वाचता येतात, गेम सुरू होऊन बरा चालतो, एवढंच ती सांगते. साठ फ्रेमचं वचन तिच्यात नाही. मोठे गेम सुटल्यावर पहिला महिना कळ काढा. अनरियल ५ वरचे कित्येक गेम पहिल्या दोन-तीन पॅचमध्ये बरेच सुधारतात, आणि हँडहेल्डवर त्या सुधारणेचा फायदा मोठ्या पीसीपेक्षा जास्त जाणवतो.

स्विच २ चं गणित वेगळं. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’, ‘डाँकी काँग बनान्झा’ हे गेम दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. ते हवे असतील तर चर्चा संपली, स्विच २ घ्या. बाहेरच्या कंपन्यांच्या गेम्सबाबत मात्र तुम्ही पूर्णपणे त्या कंपनीच्या हातात आहात. ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ रे ट्रेसिंगसकट छान उतरवला गेला. ‘एल्डन रिंग’ २०२५ मधून पुढे ढकलला गेला. पोर्ट (या यंत्रासाठी उतरवलेली आवृत्ती) चांगला निघाला तर उघडा आणि खेळा. वाईट निघाला तर हलवायला एकही खुंटी नाही. शिवाय तुमचे साठ-सत्तर गेम तिथे शून्यातून परत विकत घ्यावे लागतील.

स्विच २ घेणारच असाल तर आणखी दोन बारकावे. जुन्या मायक्रोएसडी कार्डावर त्याचे गेम चालत नाहीत, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. जुन्या कार्डावरून फार तर जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ आणता येतात. आणि डब्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिलं असेल तर आत गेम नसतो, नुसती किल्ली असते. पूर्ण गेम डाउनलोड करायचा, तोही आतल्या २५६ जीबीत किंवा एक्स्प्रेस कार्डावर बसवायचा. ‘सायबरपंक’ ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण येतो, पण तशी मेहरबानी सगळे करत नाहीत. स्क्रीन ७.९ इंची, १०८० पी, १२० हर्ट्झची असली तरी एलसीडी आहे आणि तिचे पिक्सेल रंग बदलायला वेळ घेतात, त्यामुळे वेगवान दृश्यात कडा पुसट होतात. डेकच्या ओएलईडीवरून तिच्याकडे वळलं की हे चटकन जाणवतं. ओएलईडी कधी वापरलाच नसेल तर कदाचित लक्षातही येणार नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवर माझं उत्तर: ओएलईडी डेक, आणि आत्ताच. गेम तयार आहेत, प्रवास अडीच तासांचा आहे, आणि डेकची एक गोष्ट अशा वापरात सगळ्यात मोलाची ठरते, ती म्हणजे झोप. बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, दुसऱ्या दिवशी दाबलं की तिथूनच सुरू. विंडोजवर हे अजून भरवशाचं नाही. स्लीपमध्ये टाकलेलं यंत्र पिशवीत आपोआप जागं होतं, तापतं आणि पोहोचेपर्यंत बॅटरी निम्मी. ॲलाय घेतलात तर पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट लावा. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅटरी जागेवर राहते. त्याचा नवा पूर्ण-पडदा एक्सबॉक्स मोड डेस्कटॉपचा पसारा लोड करत नाही, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या सांगण्याप्रमाणे २ जीबीपर्यंत मेमरी वाचते. तो चालूच ठेवा. अँटी-चीटवाला गेम यादीत असेल, किंवा प्रवासात बसल्या जागी प्लग मिळत असेल, तर माझं मत ॲलाय एक्सकडे झुकेल. थोडा मोठा पडदा हवा पण स्टीमओएसही हवं, तर लीजन गो एसची स्टीमओएस आवृत्ती पाहा: ८ इंच, १९२० बाय १२००, बॅटरी ५५.५ वॅट-तास. पण ती स्क्रीन डेकपेक्षा सव्वादोन पट पिक्सेल मागते, हे विसरू नका.

आता यंत्र हातात आल्यावर जड गेम अडीच तास कसा पुरवायचा. अर्ध्याहून जास्त लोक इथेच हार मानतात, म्हणून जरा सविस्तर.

गेमची सुरुवातीची पंधरा मिनिटं मोजमापाला घेऊ नका, ती नेहमी हलकी असतात. बाजार, पाऊस, मोठी लढाई असा सगळ्यात भरगच्च प्रसंग शोधा, तिथे सेव्ह करा आणि दहा मिनिटं यंत्र तापू द्या. परफॉर्मन्सची पट्टी चालू करून तीन गोष्टी पाहा: फ्रेमच्या वेळेचा आलेख, ग्राफिक्सचा टक्का आणि बॅटरीतून जाणारे एकूण वॅट. सरासरी फ्रेमकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. आलेखाची रेघ सपाट असेल तर चाळीस फ्रेमही गुळगुळीत वाटतात, आणि रेघेला काटे असतील तर पंचावन्नही टोचतात.

मग फ्रेमला ४० वर कुलूप लावा. साठ फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद घेते, तीसला ३३.३, आणि चाळीसला २५. म्हणजे वेळेच्या हिशोबात चाळीस हा बरोबर मध्य आहे. तीसवरून चाळीसवर गेलं की साठच्या निम्म्या वाटेवर पोहोचलात, आणि त्यासाठी काम फक्त एक तृतीयांश वाढतं. पडद्याचा वेग फ्रेमच्या पटीत हवा. ओएलईडी डेकवर ४० ला ८० हर्ट्झ किंवा ४५ ला ९०, आणि डेक हे स्वतःच जुळवतो. ॲलाय एक्सवर ४० ला १२०. साठ हर्ट्झवर चाळीस फ्रेम लावल्या तर काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दिसतात, आणि लोक म्हणतात ‘चाळीसचा काही उपयोग नाही’.

यानंतर सेटिंग्ज. आधी सावल्या खाली आणा, मग धुकं आणि प्रकाशाचे झोत, मग प्रतिबिंबं, मग गर्दीची घनता. टेक्स्चरना (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांना) हात लावू नका. ते वेग खात नाहीत, मेमरी खातात. १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स वाटून घेतात, ती भरली आणि दर मिनिटाला झटका बसू लागला तरच एक पायरी उतरा.

अपस्केलिंग डेकच्या १२८० बाय ८०० वर ‘क्वालिटी’च्या खाली नेऊ नका. क्वालिटीमध्ये आतलं चित्र साधारण ८५३ बाय ५३३ होतं, ‘परफॉर्मन्स’मध्ये ते ६४० बाय ४०० वर येतं आणि केस, तारा, जाळ्या किड्यांसारख्या वळवळू लागतात. १०८० पीच्या ॲलायवर ‘परफॉर्मन्स’ चालून जातं, कारण तिथे आतलं चित्र ९६० बाय ५४० राहतं. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेममध्ये तयार केलेल्या फ्रेम घुसवणं) या यंत्रांवर जाहिरातीइतकं कामाचं नाही. मुळातल्या फ्रेम पन्नासच्या आसपास असतील तरच लावा. पंचवीसच्या पन्नास करून पाहिल्या तर दिसायला बरं दिसतं, पण बटण दाबल्यावर पात्र विचार करून हलल्यासारखं वाटतं.

सगळं बसलं की शेवटी चिपचे वॅट एकेक करून कमी करा. १५ वरून १४, १३, १२... आलेखाला काटे येऊ लागले की एक वॅट परत वर. चाळीसच्या कुलपावर बरेच गेम १०-११ वर टिकतात. प्रोसेसर गुदमरतोय असं दिसलं तर डेकवर ग्राफिक्सचा वेग १००० ते १२०० मेगाहर्ट्झवर (कमाल १६०० असतो) बांधा, उरलेली वीज प्रोसेसरला मिळते.

वॅट वाचवण्याचा फायदा सगळीकडे सारखा नसतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर एकूण ओढ २० वरून १९ वर आणली तर सात-आठ मिनिटं मिळतात. १० वरून ९ वर आणली तर तब्बल तेहतीस. म्हणून जड गेममध्ये एकेका वॅटसाठी जीव काढण्यापेक्षा हलक्या गेममध्ये वॅट बांधून ठेवा. मोकळं सोडलं तर डेक साध्या द्विमितीय गेमलाही ९० फ्रेमच्या नादात नको तेवढी वीज पाजतो.

चार्जरबद्दल थोडक्यात. डेकला ४५ वॅटचं यूएसबी पॉवर डिलिव्हरी लागतं, म्हणजे १५ व्होल्ट ३ अँपिअर. ॲलायला ६५ वॅटचं. फोनच्या चार्जरवर मोठा वॅटचा आकडा दिसला तरी तो बहुतेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो आणि डेकला त्यातून तुटपुंजंच मिळतं. पॉवर बँकवरचे एमएएच ३.७ व्होल्टच्या हिशोबाने छापलेले असतात: २०,००० म्हणजे ७४ वॅट-तास, पैकी साठच्या आसपास प्रत्यक्षात पोहोचतात. ओएलईडी डेक एकदा पूर्ण भरतो, वर किंचित उरतं. घरी तासन्‌तास प्लगवर खेळणार असाल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. स्टीमओएसमध्ये ती सोय आता आहे, आणि स्विच २ मध्येही नव्वदच्या आसपास थांबवण्याचा पर्याय आहे. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की तिचं आयुष्य घटतं.

बिघाडांत पहिला नंबर स्टिकचा. डेकच्या आणि जॉय-कॉन २ (स्विच २ च्या कंट्रोलर) च्याही स्टिक पोटेन्शिओमीटरच्या आहेत. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर घासत जाणारा स्पर्शक ती झिजवतो आणि मग स्टिक सोडलेली असताना पात्र एका बाजूला सरकू लागतं. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक असतो, घासायला काही नसतं. लीजन गोमध्ये तशा आहेत. हे सरकणं, म्हणजे ड्रिफ्ट, सुरू झाल्यावर आधी डेडझोन (मध्याजवळची हालचाल जिथे मोजली जात नाही तो भाग) ५ ते ८ टक्के करून पाहा. त्याने भागलं नाही तर डेकची स्टिक सुटी बदलता येते.

एसएसडी वाढवायची असेल तर डेकला २२३० मापाची लागते, ॲलाय एक्सला २२८० चालते. डेक उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. हे मी दोनदा लिहायला तयार आहे. मागचं झाकण निघताना आत राहिलेलं कार्ड मधोमध मोडतं, आणि दुरुस्तीला आलेल्या डेकमध्ये ही चूक ठरलेली असते. त्यानंतर बायोसमधून बॅटरी स्टोरेज मोडवर टाका आणि मगच स्क्रूला हात लावा.

यंत्र आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत एवढं तपासा. दोन्ही स्टिक कडेकडेने गोल फिरवून सोडा आणि चाचणीच्या पडद्यावर ठिपका मध्यावर परततो का पाहा, प्रत्येकी वीस वेळा. ओएलईडी असेल तर अंधारात गडद करडा पडदा लावून डाग आणि पट्टे शोधा. थोडा दाणेदारपणा सगळ्यांत असतो, पण ठळक उभी पट्टी चालवून घेऊ नका. कार्ड घातलंत तर ते पूर्ण भरून परत वाचून पाहा, नकली कार्डं लेबलवरचा आकडा सांगतात आणि अर्ध्यावर डेटा गिळतात. मग एक जड गेम बॅटरीवर पूर्ण संपेपर्यंत चालवा आणि वर मांडलेल्या भागाकाराशी वेळ जुळते का बघा. पंधरा-वीस मिनिटांचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर आधी पडद्याचा उजेड, वाय-फाय आणि मागे चाललेले डाउनलोड बंद करून पुन्हा मोजा, आणि तरीही आकडा जुळला नाही तर यंत्र बदलून मागा.